जुनी व्हॅन आणि भरवशाचे गॅरेज : शंभर वर्षांच्या अविश्वासाचा इतिहास

१/ १९४१ साली अमेरिकेत एक पुरुष आणि एक स्त्री मोटार घेऊन देशभर फिरली. गाव आले की ती दोघे इंजिनाच्या कॉईलची एक वायर काढून ठेवीत आणि गाडी नीट चालत नसल्याची तक्रार घेऊन जवळच्या गॅरेजात शिरत. निखळलेली वायर जाणकाराला सहज दिसावी अशी. ती जागेवर बसवणे हे मिनिटभराचे काम. तत्कालीन ४८ राज्यांतील ३४७ गॅरेजांत हा प्रयोग झाला.

२/ ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकासाठी रॉजर विल्यम रीस यांनी ही शोधमोहीम हाती घेतली होती. गाडी फिरवणाऱ्यांत जॉन पॅट्रिक हे होते. काही मिस्त्रींनी वायर बसवली आणि नाममात्र पैशांत किंवा फुकटच गाडी परत दिली. मात्र निम्म्याहून कितीतरी अधिक गॅरेजांनी नसलेला बिघाड सांगितला, न लागणारे भाग बदलले किंवा न केलेल्या कामाचे बिल लावले.

३/ वय झालेली गाडी, विशेषतः जुनी व्हॅन, कशी राखावी आणि तिच्यासाठी भरवशाचा मिस्त्री कसा ओळखावा, हा प्रश्न घरगुती वाटतो. त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. या काळात त्याची चार उत्तरे पुढे आली : कारखान्याची शिस्त, मालकाचे स्वतःचे ज्ञान, सरकारचा कायदा आणि ओळखीचा मिस्त्री. ही उत्तरे कशी घडली आणि कुठे अपुरी पडली, याचा हा धागा.

४/ हा अविश्वास जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील श्रीमंतांनी मोटारी घेतल्या आणि त्या चालवण्या-दुरुस्त करण्यासाठी शोफर नोकरीला ठेवले. घोड्यांविषयी मालकाला थोडेफार कळत असे; इंजिनाविषयी काहीच कळत नव्हते. अनेक शोफर गॅरेजवाल्यांकडून आणि सुटे भाग विकणाऱ्यांकडून दलाली घेत, मालकाच्या नकळत गाडी फिरवीत.

५/ इतिहासकार केव्हिन बोर्ग यांनी अमेरिकी मोटार-मिस्त्रींच्या इतिहासात या ‘शोफर प्रश्ना’चे विस्ताराने विवेचन केले आहे. मालकांचा खरा संताप पैशांपुरता नव्हता. घरातील नोकर सामाजिक उतरंडीत खाली होता. पण बॉनेट उघडले की तोच जाणकार ठरे आणि धनी अडाणी. ज्याला कळते तो वेगळा आणि जो पैसे देतो तो वेगळा, ही दुरुस्तीच्या व्यवहारातील मूळ गाठ तेव्हाच पडली.

६/ ती सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न कारखानदारांनी केला. फोर्ड कंपनीने १९२० च्या दशकात आपल्या विक्रेत्यांकडे दुरुस्तीचे ठरावीक दर रुजवण्याचा प्रयत्न केला : अमुक कामाला अमुक वेळ, अमुक पैसे. ग्राहकाला आधीच दर कळावा, हा हेतू चांगला होता. अडचण अशी की कारखान्याच्या पट्ट्यावर येणारा प्रत्येक भाग सारखा असतो, तर गॅरेजात येणारी प्रत्येक गाडी निराळी झिजलेली असते.

७/ शिवाय ठरलेल्या वेळेनुसार मजुरी मिळू लागली की घाई करणाऱ्याचा फायदा होतो. गंजलेला बोल्ट न तोडता सोडवायला अर्धा तास घालवणारा मिस्त्री तोट्यात जातो. नव्या गाडीच्या बाबतीत हे खपून जाते. जुन्या गाडीच्या बाबतीत तो अर्धा तासच सर्वांत मोलाचा असतो. दरपत्रकाने किंमत उघड केली, कामाचा दर्जा मात्र झाकलेलाच राहिला.

८/ आता व्हॅनकडे. २३ एप्रिल १९४७ रोजी डच व्यापारी बेन पॉन यांनी वहीच्या पानावर एक साधे रेखाचित्र काढले : पावाच्या लादीसारखी पेटी, पुढे चालक, मागे इंजिन. त्यातून फोक्सवॅगनची ‘टाईप २’ व्हॅन जन्मली. ८ मार्च १९५० रोजी वोल्फ्सबुर्ग येथे तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. १९५६ मध्ये ते हॅनोव्हरला गेले. ब्राझीलमध्ये तिचे उत्पादन २०१३ पर्यंत चालले.

९/ कंपनीचे प्रमुख हाइन्रिख नॉर्डहॉफ यांचा आग्रह होता की आधी दुरुस्तीची सोय आणि सुट्या भागांचा साठा, मग विक्री. १९५५ मध्ये अमेरिकेत कंपनीची शाखा उभी राहिली, तेव्हा विक्रेत्यांकडून हाच नियम पाळून घेण्यात आला. परदेशी गाडी घेतली तर भाग मिळणार नाहीत, ही ग्राहकाची भीती त्यामुळे ओसरली. गाडीच्या यशात तिच्या रूपाइतकाच या व्यवस्थेचा वाटा होता.

१०/ परंतु कारखान्याची ही शिस्त पहिल्या मालकासाठी होती. १९६० च्या दशकात या व्हॅन दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेल्या. विद्यार्थी, भटके तरुण, छोटे कारागीर, पोराबाळांची मोठी कुटुंबे यांनी त्या स्वस्तात घेतल्या. अधिकृत वर्कशॉपचे बिल त्यांना परवडेना आणि रस्त्यावरच्या अनोळखी गॅरेजवर विश्वास बसेना. जुन्या व्हॅनचा प्रश्न म्हणतात तो इथून पुढचा.

११/ यंत्र म्हणून ही व्हॅन साधी होती. बेफिकिरी मात्र तिला सोसत नसे. इंजिन हवेने थंड होणारे, म्हणजे रेडिएटर नाही, पाणी नाही. ऑईल जेमतेम अडीच लिटर, आणि ते गाळायला कागदी फिल्टरऐवजी फक्त जाळी. त्यामुळे ऑईल वेळेवर बदलणे आणि दर ३,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरनी, थंड इंजिनावर टॅपेट सेट करणे हा तिचा नित्यनेम होता.

१२/ तिसऱ्या सिलिंडरची गोष्ट जाणकारांना ठाऊक असे. जुन्या रचनेत ऑईल कूलर पंख्याच्या पेटीत अशा जागी उभा होता की तिसऱ्या सिलिंडरकडे जाणारी हवा त्याच्यामुळे अडे आणि तापे. परिणामी त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सर्वांत आधी दमत असे. १९७१ च्या सुमारास कूलरची जागा बदलण्यात आली. तोवर विकल्या गेलेल्या लाखो गाड्यांत ही खोड कायम होती.

१३/ हा व्हॉल्व्ह एकाएकी तुटत नाही. तो ताणला जातो, टॅपेटची फट दर खेपेला थोडी कमी भरते, मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, उष्णता बाहेर जात नाही आणि शेवटी त्याचे डोके तुटून इंजिन निकामी होते. म्हणजे दर खेपेची फट ज्याने वहीत लिहून ठेवली, त्याला हे संकट काही हजार मैल आधी दिसते. नुसते सेटिंग करून विसरणाऱ्याला ते रस्त्यावरच कळते.

१४/ दुसरा धोका पेट्रोलच्या रबरी पाइपांचा. वर्षांनुवर्षे उष्णता खाऊन ते तडकतात आणि मागच्या बंदिस्त कप्प्यात तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकते. इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असल्याने एकदा पेटलेली गाडी विझवणे कठीण. अनेक व्हॅन अशा जळाल्या. नवा पाइप किरकोळ किमतीचा. तो वेळेवर बदलला जाणे न जाणे, यावर आत बसलेल्या माणसांचा जीव अवलंबून.

१५/ या परिस्थितीत १९६९ साली न्यू मेक्सिकोतून एक पुस्तक निघाले. लेखक जॉन म्युर. याच नावाच्या प्रसिद्ध निसर्गलेखकाशी त्यांची गल्लत करू नये. पेशाने अभियंता असलेले म्युर ती वाट सोडून गाड्या दुरुस्त करू लागले होते. फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी, हे त्यांनी यंत्रातले काहीही न कळणाऱ्या माणसासाठी लिहिले आणि स्वतःच प्रकाशित केले. चित्रे पीटर अश्वांडन यांची.

१६/ कारखान्याची माहितीपुस्तके प्रशिक्षित मिस्त्रीसाठी असत. म्युर यांचे पुस्तक गाडीखाली आडव्या झालेल्या घाबरलेल्या माणसासाठी होते. पाने उघडी राहावीत म्हणून त्याला तारेची बांधणी. कोणते काम कोणत्या अवजारांनी करायचे याच्या याद्या, आवाज व वासावरून बिघाड ओळखण्याच्या खुणा, जुनी गाडी विकत घेताना काय पाहावे याचे धडे. या पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

१७/ पहिला प्रयत्न कारखान्याचा, दुसरा हा : मालकानेच मिस्त्री व्हावे. यातून एक पिढी घडली. पण याची मर्यादाही स्पष्ट होती. सर्वांकडे वेळ, जागा, ताकद आणि डोळे सारखे नसतात. तरीही एक फायदा सर्वांनाच झाला. ज्याने एकदा स्वतः टॅपेट सेट केले, तो पुढे दुसऱ्याकडून काम करवून घेतानाही नेमके प्रश्न विचारू शकला. मालकाचे अर्धे ज्ञानही गॅरेजच्या प्रामाणिकपणाला हातभार लावते.

१८/ योगायोग असा की याच सुमारास अर्थशास्त्रज्ञही जुन्या गाड्यांकडे वळले. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी दाखवले की विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात चांगल्या गाड्याच मागे हटतात, कारण त्यांना योग्य भाव मिळत नाही. याच कार्यासाठी २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

१९/ १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्याहून खोल प्रश्न मांडला. आंबा गोड की आंबट, हे खाल्ल्यावर कळते. दुरुस्तीचे तसे नाही. गाडी सुरू झाली तरी बदललेला भाग खरोखर खराब होता का, हे ग्राहकाला नंतरही कळत नाही. निदान करणारा आणि उपाय विकणारा एकच असतो. अशा सेवा केवळ विश्वासावर घेतल्या जातात, आणि मोटारदुरुस्ती हे त्यांचे ठळक उदाहरण होते.

२०/ तिसरे उत्तर कायद्याचे. १९६८ पासून सिनेटर फिलिप हार्ट यांच्या उपसमितीपुढे मोटारदुरुस्तीवर सुनावण्या झाल्या आणि तक्रारींचा ढीग सार्वजनिक नोंदीत आला. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाने मोटारदुरुस्तीचा स्वतंत्र कायदा केला. गॅरेजांची नोंदणी, कामाआधी लेखी अंदाज, तो ओलांडण्यापूर्वी ग्राहकाची संमती, तपशीलवार बिल, आणि मागितल्यास काढलेला जुना भाग परत देणे, ही त्याची कलमे.

२१/ शेवटच्या कलमातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. मिस्त्री भला की लबाड, हे ठरवण्याच्या फंदात कायदा पडत नाही. तो फक्त म्हणतो, काढलेला भाग हातात द्या. घासलेला ब्रेक लायनर अडाण्यालाही दिसतो. न घासलेलाही दिसतो. १९७२ मध्ये मिस्त्रींच्या परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय संस्थाही अमेरिकेत उभी राहिली. पण परीक्षा कौशल्य तपासते. नियत तपासण्याची परीक्षा नाही.

२२/ मोठे नाव पुरेसे असते का? जून १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्राहक विभागाने सीअर्स या बलाढ्य कंपनीच्या मोटार केंद्रांवर अनावश्यक दुरुस्त्या विकल्याचा आरोप केला. साध्या वेशातील तपासनीस गाड्या घेऊन तेथे गेले होते. कर्मचाऱ्यांना कमिशन आणि विक्रीची उद्दिष्टे दिली गेली होती, हे त्यामागचे मोठे कारण ठरले. कंपनीने प्रोत्साहन-पद्धतीतील चूक मान्य केली आणि पुढे तडजोड झाली.

२३/ या इतिहासाचा एक पदर महाराष्ट्रात येतो. फोक्सवॅगनचे इंजिन १९४९ मध्ये आणखी एका जर्मन व्हॅनमध्ये बसवले जात होते. हांबुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीच्या त्या गाडीचे नाव ‘टेम्पो मॅटाडोर’. फोक्सवॅगनने पुढे इंजिने देणे बंद केले आणि दोन्ही गाड्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९५८ मध्ये याच विडाल कंपनीच्या सहकार्याने नवलमल फिरोदियांच्या पुढाकारातून बजाज टेम्पो उभी राहिली.

२४/ गोरेगावात तीनचाकी टेम्पोपासून सुरुवात झाली, पुढे पुण्याजवळ आकुर्डीत मोठा कारखाना झाला. १९६९ पासून भारतीय ‘मॅटाडोर’ रस्त्यावर आली. ‘टेम्पो’ हे एका कंपनीचे नाव मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसले. लग्नाचे वऱ्हाड, दुधाचे कॅन, शाळेची मुले, मंडईचा भाजीपाला : मॅटाडोरने सारे वाहिले, आणि एकाच गाडीने कित्येकदा दोन पिढ्यांचा संसार ओढला.

२५/ इथे चौथे उत्तर दिसते : ओळखीचा मिस्त्री. परवाना-राजच्या काळात नवी गाडी दुर्मीळ, म्हणून जुनी टिकवणे भागच होते. भाग मिळाला नाही तर लेथवर घडवून घ्यायचा, रबराचा बुश दुसऱ्या गाडीचा कापून बसवायचा. उस्तादाच्या हाताखाली पोरगा वर्षानुवर्षे पाने-पक्कड देत शिकत असे. त्या मिस्त्रीचे गॅरेज गावातच, गिऱ्हाईक गावातलेच. फसवणूक केली तर तोंड लपवायला जागा नव्हती.

२६/ या ओळखीच्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची मर्यादा विसरू नये. ती गावाच्या वेशीवर संपते. घाटात बंद पडलेल्या टेम्पोच्या चालकाला तेथील मिस्त्री परकाच असतो, आणि तो चालक पुन्हा येणार नाही हे मिस्त्रीलाही कळते. ओळखीत बिल मागणे अपमानाचे मानले जाते, त्यामुळे वाद झाला तर हाती पुरावा नसतो. आरटीओचे पासिंग गाडीची योग्यता पाहते. गॅरेजने घेतलेले पैसे रास्त होते का, हे पाहत नाही.

२७/ ग्राहकाला लेखी पुराव्याची सवय लावण्याचे काम महाराष्ट्रातच नेटाने झाले. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतील उणिवेबद्दल दाद मागण्याचा हक्क दिला. पैसे देऊन करवलेली दुरुस्ती ही सेवाच, म्हणून गॅरेजही त्या कक्षेत आले. पण मंचापुढे बिल लागते.

२८/ दुसरी बाजूही आहे : कधी कधी अन्याय गॅरेजवरच होतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. माहितीच कोंडून ठेवली तर प्रामाणिक मिस्त्रीही अंदाजाने काम करतो, आणि त्याची किंमत जुन्या गाडीचा मालक मोजतो.

२९/ जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेती अवजारे, मोबाईल व घरगुती उपकरणांबरोबर मोटारीही तिच्या विषयांत होत्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले. १९६९ मध्ये म्युर यांनी पुस्तकातून जे केले, तेच आता शासनाकडून मागितले जात आहे : यंत्राची माहिती ते वापरणाऱ्याच्या हाती यावी.

३०/ या शंभर वर्षांतून जुन्या व्हॅनच्या मालकासाठी काही ठोस गोष्टी उरतात. प्रत्येक ऑईल बदलाची, टॅपेटची, ब्रेकची तारीख व किलोमीटर वहीत लिहावे. स्वस्त पण जीवघेणे भाग, म्हणजे पेट्रोलचे पाइप, ब्रेकच्या नळ्या, तुटण्याची वाट न पाहता बदलावेत. कामाआधी खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा, काढलेला भाग परत मागावा आणि ओळख कितीही जुनी असली तरी बिल घ्यावे.

३१/ नवे गॅरेज पारखायचे तर आधी लहान काम द्यावे, आणि मोठ्या कामाचे निदान दुसऱ्या ठिकाणीही विचारून घ्यावे. निदान आणि दुरुस्ती एकाच हाती असण्यातला धोका एवढ्याने बराच कमी होतो. जो मिस्त्री जुना भाग न मागता समोर ठेवतो, ‘हे अजून सहा महिने चालेल’ असे सांगून स्वतःचेच काम पुढे ढकलतो, त्याला धरून ठेवावे आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

३२/ १९४१ च्या त्या प्रयोगातही प्रामाणिक गॅरेजे शंभराहून अधिक निघाली होती. त्यांची अडचण एवढीच होती की बाहेरून ती इतरांसारखीच दिसत होती. दरपत्रक, पुस्तक, कायदा, बिल, वही ही सारी साधने लबाडाला पकडण्यासाठी जितकी आहेत, त्याहून अधिक त्या प्रामाणिक मिस्त्रीला वेगळे ओळखता यावे म्हणून आहेत. धागा समाप्त.